पेस्ट कंट्रोलवाल्याला कधी बोलवायचं? आधी भुसा बघा, मग फोन करा

घरात कीड दिसली की दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, "काही नाही, कापूर-लवंग ठेवा." दुसरा म्हणतो, "वर्षाचं कॉन्ट्रॅक्टच करून टाका." मी दोन्ही करून पाहिलं आणि दोन्हींत पैसे गेले. तीन भाड्याची घरं, आता पुण्यातला तळमजल्याचा फ्लॅट आणि कोकणातलं आईचं घर, एवढ्या ठिकाणची कीड निस्तरल्यावर माझ्याकडे एकच कसोटी उरली आहे. कीड किती दिसते ते सोडा, ती राहते कुठे ते शोधा. तिच्या बिऱ्हाडापर्यंत तुमचा हात पोचत असेल तर घरीच करा. पोचत नसेल तर माणूस बोलवा, आणि लवकर बोलवा.

१. झुरळं

मोठी, तांबूस, बोटाच्या दोन पेरांएवढी झुरळं गटारातून येतात. मोरीला बारीक जाळी बसवा, काम संपलं. लहान, फिकट तपकिरी, मानेमागे दोन काळ्या रेघा असलेली झुरळं मात्र स्वयंपाकघरातच राहतात. एका अंडकोशातून तीस-चाळीस पिल्लं निघतात. त्यांच्यासाठी झुरळं मारायचं विषारी जेल आणा आणि ट्रॉलीच्या बिजागऱ्यांपाशी, फ्रिजच्या मोटरजवळ, सिंकखाली मुगाच्या डाळीएवढे ठिपके द्या. त्यावर स्प्रे मारू नका; स्प्रेच्या वासाने झुरळं जेलकडे फिरकतच नाहीत. महिन्याच्या अंतराने दोनदा जेल लावूनही भरदिवसा झुरळं दिसत असतील, तर ती डक्टमधून शेजाऱ्यांकडून येताहेत. मग माणूस बोलवा, आणि वरच्या-खालच्या घरांनाही सोबत घ्या.

२. ढेकूण

पहिला ढेकूण दिसला त्याच दिवशी फोन करा. गादी दुसऱ्या खोलीत नेऊ नका, ढेकूणही सोबत जातील. अंडी औषधाला सहसा दाद देत नाहीत, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फेरी लागतेच. एका फेरीत काम होईल म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

३. उंदीर

पाइपांभोवतीच्या फटी जाळी आणि सिमेंटने बुजवा, पिंजरा लावा. फॉल्स सीलिंगमध्ये खुडबुड ऐकू येत असेल किंवा वायरी कुरतडलेल्या दिसल्या तर बोलवा.

४. लाकूड: वाळवी की भुंगा?

इथे मी दोनदा चुकले, आणि दोन्ही चुका उलट्या दिशेच्या होत्या.

पहिली चूक तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये झाली. बाथरूमलगतच्या चौकटीवर पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ दिसली. शेजारच्या काकूंनी रॉकेल सांगितलं. मी रेघ पुसायचे, रॉकेल लावायचे, पंधरा दिवस शांतता. मग रेघ वीतभर बाजूला उगवायची. दोन वर्षं हे चाललं. एके दिवशी चौकटीच्या पायाशी सहज अंगठा दाबला तर तो पापडातून जावा तसा आत गेला. वरचा रंग शाबूत होता, आतलं लाकूड संपलेलं होतं.

ती रेघ म्हणजे वाळवीची मातीची नळी. रॉकेलने नळीतल्या कामकरी वाळव्या मरतात. राणी जमिनीत असते आणि तिथे तुमचा हात कधीच पोचत नाही. एक वाट बंद झाली की त्या दुसरी काढतात. म्हणून मातीची नळी दिसली की पुसू नका. मधोमध इंचभर तोडा आणि दोन-तीन दिवस तशीच राहू द्या. ओलसर, गडद मातीने ती पुन्हा जोडली गेली तर वाळवी चालू आहे. जोडली गेली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, कदाचित वाट बदलली असेल. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने चौकटीचा खालचा हातभर भाग ठोकून बघा. भरीव लाकूड टणक वाजतं, खाल्लेलं भद्द वाजतं. वरच्या मजल्यावर राहता म्हणून ही तपासणी टाळू नका. पाइपांच्या आणि वायरींच्या डक्टमधून वाळवी वर चढते.

पहिल्या पावसानंतर घरात पंख पडलेले सापडतात, तेव्हा ते वाळवीचे की मुंगीचे, हा प्रश्न येतो. किडा नीट बघा. मुंगीची कंबर बारीक असते आणि पुढचे पंख मोठे असतात. वाळवीची कंबर जाड आणि चारही पंख सारखे. खिडकी उघडी होती, दिवा चालू होता, तर त्या बाहेरून आल्या असतील. खिडक्या बंद असताना पंख पडले असतील तर घरातच शोधा.

दुसरी चूक आईच्या घरची. कपाटाखाली पांढरट भुसा पडलेला पाहून मी घाबरले. आलेल्या माणसाने "वाळवी आहे" म्हणून सगळ्या भिंतींच्या कडेला फरशीत भोकं पाडली. पैसे दिले, घरभर वास राहिला, आणि महिन्याभराने भुसा पुन्हा तिथेच. वाळवी नव्हतीच, लाकूड पोखरणारा भुंगा होता.

तेव्हापासून मी भुसा चिमटीत धरून बघते. तांदळाच्या पिठीसारखा किंवा मैद्यासारखा असेल आणि वर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतील तर भुंगा. खसखशीसारखे सुटे, टणक दाणे असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी; किनारपट्टीच्या घरांत ती आढळते. जमिनीतली वाळवी भुसा पाडत नाही, माती आणते. भुसा जुना की नवा, हे कळायला सगळा झाडून काळा कागद अंथरा आणि आठवडाभर ते कपाट हलवू नका. कागदावर पुन्हा पिठी दिसली तर किडा जिवंत आहे.

भुंगा एका फळीत किंवा बांबूच्या एका वस्तूत असेल तर ती फळी बदला किंवा वस्तू टाका. बोलावलंच तर फक्त त्या लाकडाच्या भोकांत औषध भरून घ्या. फरशीला हात लावू देऊ नका. खसखशीसारखे दाणे एकाहून जास्त ठिकाणी दिसले तर बोलवा. आणि माती दिसली तर विचार करत बसू नका, त्याच आठवड्यात बोलवा.

५. फोनवर काय विचारायचं

कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा परवाना आहे का, आणि कोणतं औषध वापरणार, त्याचं नाव. नाव न सांगता "आमचं स्पेशल औषध" म्हणणाऱ्याला फोन ठेवायला सांगा. आल्यावर डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा.

वाळवीसाठी नुसती फवारणी कबूल करू नका. बांधून झालेल्या इमारतींसाठी भारतीय मानक आयएस ६३१३, भाग ३ आहे. त्यात भिंत आणि फरशीच्या सांध्यावर सुमारे ३० सेंटिमीटर अंतराने भोकं पाडून औषध सोडायचं आणि भोकं बुजवायची असं सांगितलं आहे. भोकं मोजायला समोर उभे राहा. वॉरंटी कागदावर घ्या, आणि वाळवी परत आली तर फेरी फुकट, हे त्यात लिहून घ्या.

एक गोष्ट मी कुणाच्याही घरात होऊ देत नाही. धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ढेकणांसाठी किंवा उंदरांसाठी राहत्या घरात ठेवू, असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो, फटींतून शेजारच्या घरात जातो, आणि त्यावर उतारा नाही. अशा वायूने झोपेत माणसं गेली आहेत.

६. कामाआधी आणि काम झाल्यावर

माशांची टाकी आदल्या दिवशीच दुसऱ्या घरी हलवा, मांजरही. जेल लावलेल्या जागा ओल्या फडक्याने पुसू नका. वाळवीचं काम झालं असेल तर तोडलेल्या नळीशेजारी पेन्सिलने तारीख लिहा, महिन्याने बघा, आणि पुढचा पहिला पाऊस पडल्यावर पुन्हा एकदा चौकटीचा पाय ठोकून बघा.