रूट कॅनल झाल्यावर दाढेची काळजी कशी घ्यावी

खुर्चीवरून उठताना ओठ जड झालेला असतो, जबडा ताणून दुखत असतो आणि डॉक्टर सांगतात त्यातलं निम्मं डोक्यात शिरत नाही. म्हणून निघण्याआधी तीन प्रश्न विचारून उत्तरं लिहून घ्या. आज दाढ कायमची भरली की तात्पुरती? पुढची सिटिंग कधी? आणि कॅप, म्हणजे दाढेवरचं टोपण, कधी बसवायची? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण ठणका थांबला की लोक दवाखान्याची पायरी चढत नाहीत आणि चांगली वाचलेली दाढ हातची जाते.

बधिरपणा उतरेपर्यंत

इंजेक्शनचा असर साधारण २ ते ४ तास राहतो, खालच्या दाढेसाठी दिलेला थोडा जास्तही टिकतो. तोवर चावून काही खाऊ नका. गाल किंवा जीभ दाताखाली आली तरी कळत नाही, असर उतरल्यावर जखम दिसते. गरम चहाही थांबवा, पाणी किंवा ताक चालेल. लहान मुलं बधिर ओठ चावत बसतात, त्यांच्याकडे लक्ष हवं.

डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी दुखणं सुरू व्हायची वाट न बघता, बधिरपणा उतरत आला की घ्या. रिकाम्या पोटी मात्र नको. शक्य असेल तर रूट कॅनलची तारीख उपवासाच्या दिवशी घेऊच नका. आयबुप्रोफेन सूजही कमी करतं, पण पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, वेदनाशामकांनी वाढणारा दमा, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पॅरासिटामॉल घेताना पाकिटावरची घटकद्रव्यं वाचा. दातदुखीच्या अनेक गोळ्यांमध्ये ते आधीच मिसळलेलं असतं आणि वरून वेगळी गोळी घेतली की डोस दुप्पट होतो. धडधाकट प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. यकृताचा त्रास असेल किंवा दारू रोजची असेल, तर मर्यादा त्याहून खाली. घरात उरलेली अँटिबायोटिक्स स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

नस काढली, तरी दुखतं का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकालाच पडतो. दाढेच्या आतली नस काढलेली असते, पण मूळ हाडात धरून ठेवणारे तंतू जिवंत असतात. आतली सफाई मुळाच्या टोकापर्यंत झालेली असते, तिथे आधीचा संसर्गही असतो, त्यामुळे ते तंतू सुजतात. म्हणून बोटाने दाबलं किंवा घास चावला की कळ येते. पहिले १-२ दिवस ही कळ जास्त असते, मग उतरत जाते आणि बहुतेकांना आठवड्याभरात आराम पडतो. दिवसागणिक कमी होणारं दुखणं ठीक आहे. कमी होऊन पुन्हा वाढणारं दुखणं मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला.

एक गोष्ट मुद्दाम तपासा. तोंड मिटताना बाकीच्या दातांआधी हीच दाढ टेकते का? टेकत असेल तर भरलेलं सिमेंट उंच राहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी दात मिटताना सुजलेल्या तंतूंवर मार बसतो. डॉक्टर दातांमध्ये रंगीत कार्बन पेपर ठेवून चावायला सांगतात, गडद ठिपका उमटतो तेवढाच भाग घासतात. काही मिनिटांचं काम, पण त्याने मोठा फरक पडतो. ‘बसेल आपोआप’ म्हणून आठवडाभर गोळ्या खात राहू नका.

गालाला गरम शेक देऊ नका. पहिल्या दिवशी कपड्यात गुंडाळलेला बर्फ बाहेरून १०-१५ मिनिटं धरावा, मग थोडा वेळ थांबावं. आडवं झाल्यावर ठणका वाढत असेल तर एक उशी जास्त घ्या. लवंगेचं तेल हिरडीवर लावू नका, हिरडी भाजते, आणि ज्या नसेसाठी ते लावत होतात ती आता तिथे नाही.

खाणं आणि स्वच्छता

दुसऱ्या बाजूने चावा. मऊ खिचडी, वरण-भात, दहीभात, उपमा, केळं चालतं. चिक्की, चकली, सुपारी, ऊस, मटणाचं हाड हे कॅप बसेपर्यंत त्या बाजूला नकोच.

ब्रश त्याच रात्रीपासून करा, मऊ ब्रशने. हिरडी हुळहुळत असेल तर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरा. तंबाखू, मिश्री, सिगारेट बंद.

तात्पुरतं सिमेंट भरलं असेल तर पहिला तासभर त्यावर काही चावू नका. कधीकधी तोंडाला लवंगेसारखी चव येते, ती त्या सिमेंटची. कडेचा कण निघाला तर घाबरू नका, पण जिभेला खड्डा लागला तर थुंकी आणि जंतू आत जाण्याआधी, एक-दोन दिवसांतच, पुन्हा भरून घ्या.

वाट न बघता जावं असं काय?

गालावर किंवा जबड्याखाली वाढती सूज, ताप, तोंड न उघडणं, किंवा औषधांनाही न जुमानणारा ठणका असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, जीभ वर ढकलली जात असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात जा, रात्र असली तरी. हिरडीवर पुटकुळी येऊन पू झिरपत असेल तर ती दुखत नसली तरी दाखवा. मधुमेहींनी औषधं आणि जेवणाच्या वेळा अजिबात चुकवू नयेत.

कॅप

किडीने आणि सफाईने दाढेचा बराच भाग गेलेला असतो, उरतात त्या बाजूच्या भिंती. चावण्याचा जोर पडला की त्या फाकतात. चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढण्यावाचून इलाज राहत नाही, म्हणजे केलेला सगळा खर्च पाण्यात. म्हणून चावण्याच्या दाढांना बहुधा २ ते ४ आठवड्यांत कॅप बसवतात. पुढचा दात फारसा झिजलेला नसेल तर कधीकधी नुसतं भरणंही पुरतं.

पैशांची अडचण असेल तर डॉक्टरांना तसं मोकळेपणाने सांगा. धातूची कॅप झिरकोनियाच्या (दाताच्या रंगाच्या, सिरॅमिकच्या) कॅपपेक्षा बरीच स्वस्त असते आणि मागच्या दाढेला उत्तम टिकते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत, गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात ही कामं खाजगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात होतात. तिथे शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे फेऱ्या जास्त पडतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

मुळाच्या टोकाशी एक्स-रेमध्ये काळा डाग दिसला असेल, तर तिथलं हाड भरून यायला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. ६ महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा एक्स-रे काढून घ्या, आणि आजचा एक्स-रे तुलनेसाठी फोनमध्ये जपून ठेवा.