ब्रुकलँड्सचे मोटारशर्यत संग्रहालय कसे पाहावे

लंडनला गेल्यावर ज्यांना मोटारशर्यतींचा इतिहास जवळून पाहायचा आहे, त्यांनी सरे परगण्यातील वेब्रिजजवळच्या ब्रुकलँड्स संग्रहालयासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. वॉटर्लू स्थानकावरून वेब्रिजला थेट आगगाडी मिळते आणि तेथून संग्रहालय पायी वीसेक मिनिटांवर आहे. आत शिरताच गाड्यांच्या शेडकडे वळण्याचा मोह होतो. माझा आग्रह मात्र असा की आधी ट्रॅक पाहावा, कारण येथल्या गाड्यांची घडण ट्रॅकच्या काँक्रीटने ठरवली आहे.

मोटारशर्यतींसाठी मुद्दाम बांधलेला जगातील हा पहिला ट्रॅक ह्यू लॉक किंग यांनी १९०७ साली स्वतःच्या जमिनीवर आणि स्वतःच्या पैशाने उभारला. त्या काळी ब्रिटनमधील रस्त्यांवर ताशी २० मैलांची वेगमर्यादा होती, त्यामुळे मोटार सलग भरधाव चालवून तिची परीक्षा घेण्यास कारखानदारांना जागाच नव्हती. या खर्चाने लॉक किंग यांची प्रकृती आणि तिजोरी दोन्ही खालावल्या, तेव्हा पत्नी एथेल यांनी काम तडीस नेले आणि उद्घाटनाच्या दिवशी गाड्यांच्या ताफ्याच्या अग्रभागी त्या स्वतः गाडी चालवत होत्या. त्यांचे नाव दिसेल तेथे अवश्य थांबावे. त्यांच्यावाचून हा ट्रॅक पुरा झाला नसता, असे मला मनापासून वाटते.

आता ‘मेंबर्स बँकिंग’ या उंच वळणावर या. सुमारे १०० फूट रुंद असलेला हा काँक्रीटचा पट्टा बाहेरच्या कडेला जवळजवळ ३० फूट उंच उचललेला आहे. पकड असलेले बूट घालून, पाऊस नसताना, सावकाश वर चढावे. पायांखाली काँक्रीटचे सांधे आणि उंचसखलपणा स्पष्ट जाणवतो. हे काँक्रीट थेट मातीवर ओतल्यामुळे जमीन बसत गेली तसे तेही खचत गेले आणि दर हिवाळ्यात त्याची डागडुजी करावी लागे. हे पायांना कळले म्हणजे पुढचे सारे समजते.

त्यानंतरच नेपियर-रेल्टन पाहावी. १९३३ सालच्या या गाडीत विमानाचे जवळपास २४ लिटरचे इंजिन असून त्यातील १२ सिलिंडर चार-चारांच्या तीन रांगांत बसवले आहेत. समोरून या तीन रांगा मोजाव्यात, मग वाकून चाकांकडे पाहावे: एवढ्या अवाढव्य गाडीला ब्रेक केवळ मागच्या चाकांना आहेत. हिच्यावरच जॉन कॉब यांनी १९३५ साली या ट्रॅकवरील एका फेरीच्या सरासरी वेगाचा ताशी १४३.४४ मैलांचा, म्हणजे जवळपास २३१ किलोमीटरचा विक्रम केला आणि १९३९ साली ट्रॅक बंद झाला तेव्हाही तो अबाधित होता.

पर्सी लँबर्ट यांची हकीकतही चुकवू नये. फेब्रुवारी १९१३ मध्ये एका तासात १०० मैलांहून अधिक अंतर कापणारे ते पहिले चालक ठरले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये याच ट्रॅकवर त्यांचा मृत्यू झाला. संग्रहालयात विमानेही आहेत; त्यांपैकी काँकॉर्ड हे ध्वनीहून वेगवान प्रवासी विमान आणि वेलिंग्टन हे दुसऱ्या महायुद्धातील बाँबफेकी विमान दुपारी पाहता येईल.

निघण्यापूर्वी पुन्हा बँकिंगपाशी जावे. या वेळी वर न चढता पायथ्याशी उभे राहून वरच्या कडेकडे पाहावे, कारण कॉब यांची गाडी तेथून, अगदी कडेजवळून जात असे.