‘बरा आहेस ना?’ विचारण्याआधी रोस्टर उघडा

मी अकरा जणांची टीम सांभाळते. काम तक्रारींचं. ग्राहकाचं काहीतरी बिनसलेलं असतं, तो फोन करतो आणि आमच्यातलं कोणीतरी त्याचं ऐकून घेतं. एकेकाच्या वाट्याला दिवसाला पन्नास-साठ कॉल येतात. नऊ वर्षं झाली या कामाला. त्यातली पहिली चार वर्षं मला वाटायचं, आपलं काम म्हणजे आकडे वेळेवर वर पाठवणं. माणसांच्या मनाचं काय ते एचआर बघेल.

मग एका मंगळवारी आमच्यातल्या सगळ्यात भरवशाच्या मुलाने चालू कॉलमध्ये हेडसेट काढून टेबलावर ठेवला आणि जिन्यात जाऊन बसला. हेडसेटमधून बारीक आवाज येत होता, ‘‘हॅलो? हॅलो?’’ मी आधी तो कॉल घेतला, पुरा केला आणि मग जिन्याकडे गेले. हा क्रम मला आजही बोचतो.

जिन्यात तो काहीच बोलला नाही. त्याला घरी सोडायची व्यवस्था केली, जागेवर आले आणि त्याचं तीन महिन्यांचं रोस्टर उघडलं. सतरा वेळा त्याने दुसऱ्याची शिफ्ट घेतली होती. सहा वेळा रात्री अकराला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर. प्रत्येक बदलाखाली मंजुरी माझी. तो कधी ‘नाही’ म्हणायचा नाही, म्हणून मी दर वेळी त्यालाच विचारायची.

पुढचं सगळं त्या रोस्टरपासून शिकले. लिहिते आहे ते माझ्यासारख्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या हातात कंपनीचं धोरण नाही, पण पाच-दहा माणसांचा दिवस कसा जाणार हे ज्यांच्यावर ठरतं त्यांच्यासाठी.

आधी काम तपासा, मग माणूस

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची व्याख्या दिली. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित स्थिती म्हटलं आहे. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ राहिला आणि तो आटोक्यात आणला गेला नाही की ती येते. खुणा तीन: अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. मूळ कामात असेल तर उपचार फक्त माणसावर करून भागत नाही.

आमच्याकडेही ध्यानाचं अ‍ॅप आलं होतं. ‘रोज दहा मिनिटं’ अशी मेल फिरली. टीममधल्या एकीने ती दहा मिनिटं जेवणाच्या सुट्टीतून काढली, कारण दुसरीकडे कुठे ती नव्हतीच. अ‍ॅप वाईट नाही. ज्याला आवडतं त्याने जरूर वापरावं. पण २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. असे वैयक्तिक उपक्रम, म्हणजे अ‍ॅप, ताण-व्यवस्थापनाचे वर्ग वगैरे, घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात जवळजवळ काही फरक दिसला नाही. अपवाद निघाला तो स्वयंसेवी कामाचा. वाचून मला आश्चर्य वाटलं नाही.

तर दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मी अर्धा तास काढते आणि रोस्टर माणसागणिक वाचते. तारखेगणिक वाचलं तर ‘सगळ्या शिफ्ट भरल्या’ एवढंच दिसतं. माणसागणिक वाचलं की कोण भरडला जातोय ते दिसतं. दोन शिफ्टमध्ये किती तासांची फट आहे हे आधी बघते. युरोपीय संघाच्या कायद्यात चोवीस तासांत सलग अकरा तास विश्रांती हा हक्क आहे. मी तोच आकडा उचलला. मग ज्याने महिनोन्‌महिने रजाच घेतली नाही तो. पूर्वी मी अशांचं कौतुक करायची, आता काळजी करते. आणि सगळ्यात अवघड क्यू (कॉलची रांग), आमच्याकडे परताव्याची, सलग कोणाच्या गळ्यात पडली आहे ते.

आठवड्याचे एकूण तासही मोजा, ‘घरून जरा बघितलं’ धरून. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेला हिशोब असा: आठवड्याला ३५-४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा सुमारे १७ टक्क्यांनी जास्त. माझ्या वरिष्ठांना ‘मुलं दमली आहेत’ असं सांगितलं की ते मान डोलवायचे. हा आकडा रोस्टरच्या शेजारी ठेवला तेव्हा दोन माणसं वाढवून मिळाली.

थोडा ताबा त्यांच्याकडे द्या

काम कमी करणं आपल्या हातात नेहमी नसतं. कॉल येणार ते येणारच. पण रॉबर्ट कारासेक या संशोधकाने १९७९ मध्येच दाखवलं होतं की मागणी जास्त आणि स्वतःच्या कामावर ताबा कमी, ही जोडी माणसाला सगळ्यात जास्त पिळते. काम तेवढंच ठेवून ताबा वाढवला तरी फरक पडतो.

मी टीमला विचारलं, ‘‘दिवसातली कुठली एक गोष्ट तुम्हाला स्वतः ठरवता आली तर बरं वाटेल?’’ मला वाटलं होतं शिफ्टची वेळ सांगतील. उत्तर आलं: शिव्या खाल्ल्यावर लगेच पुढचा कॉल नको. सॉफ्टवेअरमध्ये कॉल संपल्याबरोबर पुढचा आपोआप लागायचा. अर्वाच्य बोलून एकाने फोन आपटला की दोन सेकंदांत ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू?’ असं गोड आवाजात म्हणायचं. करून बघा एकदा.

म्हणून आम्ही एक नवं स्टेटस करून घेतलं आणि त्याला नाव दिलं ‘दम’. ते लावलं की पाच मिनिटं कॉल येत नाही. परवानगी लागत नाही, कारण लिहावं लागत नाही. वरून शंका आली की लोक दिवसभर दमच घेत बसतील. झालं उलटंच. पहिला आठवडा कोणी ते बटण दाबलंच नाही. आपलं नाव कुठेतरी नोंदलं जाईल ही भीती. मग मी स्वतः कॉलवर बसले, एका संतापलेल्या गृहस्थांनंतर ‘दम’ लावला आणि सगळ्यांसमोर खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. दुपारपर्यंत तिघांनी वापरला. सवलत जाहीर करून चालत नाही, वरच्याने ती आधी उघडपणे घ्यावी लागते.

शिवाय दोनदा समज देऊनही समोरचा घाणेरडं बोलत राहिला तर कॉल बंद करायचा हक्क दिला. तो महिन्यातून दोन-तीनदा वापरला जातो. आपल्याला तो आहे हे माहीत असण्याचाच उपयोग जास्त होतो.

रात्रीचे मेसेज

इथे चूक माझी होती, म्हणून थोडक्यात सांगते. रात्री पावणेबाराला आठवलं की मी मेसेज टाकून द्यायची, विसरू नये म्हणून. खाली लिहायची, ‘उद्या बघितलंस तरी चालेल.’ एकदा टीममधल्या एकीचं चार मिनिटांत उत्तर आलं, पूर्ण फाइल जोडून. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘‘मॅडम, तुमचा मेसेज आला की उद्या बघता येत नाही मला.’’ फोन उशीखाली ठेवून झोपायची ती.

फ्रान्समध्ये जानेवारी २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. आपल्या टीमपुरतं तेवढं करायला कायदा लागत नाही. रात्री सुचलं तर लिहा, पण पाठवायची वेळ सकाळी नऊची लावा. खरंच तातडीचं असेल तर फोन करा, आणि फोन म्हणजेच तातडी हे सगळ्यांना ठाऊक असू द्या. मग मेसेजच्या आवाजाने कोणी दचकत नाही.

आता विचारा

‘बरा आहेस ना?’ या प्रश्नाला एकच उत्तर आहे: ‘हो.’ प्रश्नातच ते भरून दिलेलं असतं. त्याऐवजी जे दिसलं ते सांगा, निदान करू नका. ‘तू डिप्रेशनमध्ये वाटतोस’ म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. ‘गेले तीन सोमवार तू उशिरा आलास, आणि मीटिंगमध्ये पूर्वी तू खूप बोलायचास’ हे म्हणता येतं. तुलना दुसऱ्याशी नाही, त्याच्याच पूर्वीच्या वागण्याशी. अबोल माणूस अबोल असणं ही खूण नव्हे. गप्पिष्ट माणूस अबोल होणं ही आहे. आणि एकाएकी सगळी कामं अंगावर ओढून घेऊ लागणं हीसुद्धा. ती ओळखायला मी चुकले होते.

काचेच्या केबिनमध्ये बोलावू नका. बाहेरून सगळे बघतात आणि आतला माणूस ते बघणाऱ्यांना बघत बसतो. मी सोबत चालायला नेते. शेजारी चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही.

एका मुलाशी झालेलं बोलणं आठवतं तसं:

‘‘या महिन्यात तुझे कॉल छोटे झालेत. पूर्वी तू शेवटपर्यंत समजावून सांगायचास.’’

‘‘टार्गेट तर होतंय ना?’’

‘‘होतंय. मी टार्गेटबद्दल विचारत नाहीये.’’

मग बराच वेळ काही नाही. आम्ही इमारतीला जवळजवळ अख्खी फेरी मारली. मला तीनदा काहीतरी बोलावंसं वाटलं, तीनदा गिळलं. मग तो म्हणाला, ‘‘झोप लागत नाही. तीनला जाग येते आणि मग कॉलच ऐकू येत राहतात.’’

त्या फेरीत मी बडबड केली असती तर हे वाक्य आलं नसतं. त्यानंतर मी एवढंच विचारलं: ‘‘यातलं मी काय हलकं करू शकते?’’ त्याने परताव्याची क्यू दोन आठवडे बंद मागितली. दिली.

‘सगळ्यांनाच टेन्शन असतं’, ‘मन घट्ट कर’, ‘तू तर किती खंबीर आहेस’: ही तीन वाक्यं गिळून टाका. तिसरं सगळ्यात वाईट, कारण ते कौतुकासारखं ऐकू येतं आणि समोरच्याचं तोंड बंद करतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करा: ‘तू सांगशील ते माझ्याकडे राहील; फक्त तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका वाटला तर मी मदत बोलावेन.’ आणि तशी शंका आलीच, ‘आता कशातच अर्थ नाही’, ‘मी नसलो तर बरं’ अशा धर्तीचं काही कानावर पडलं, तर आडवळणाने जाऊ नका. सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते हा समज खोटा आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका. त्याच्या विश्वासातल्या माणसाला बोलवा. हेल्पलाइन, डॉक्टर किंवा आपत्कालीन सेवा, जे हाताशी असेल त्याच्याशी तिथल्या तिथे जोडून द्या. त्या दिवशीचं दुसरं कुठलंही काम महत्त्वाचं नसतं.

समुपदेशकाचा नंबर आधी स्वतः लावा

आपण समुपदेशक नव्हे. आपलं काम दारापर्यंत सोबत जाणं, पण दार उघडतं का ते माहीत हवं. आमच्या ओळखपत्रामागे मदतीचा नंबर छापला होता. दोन वर्षं मी तो सगळ्यांना सांगत होते. एकदा स्वतः लावला तर बंद. नवा शोधून परत लावला आणि वहीत प्रश्न लिहून बसले: आपल्या भाषेत बोलणारं कोणी मिळेल का? किती भेटी मोफत? पहिली भेट किती दिवसांनी? आणि सगळ्यांच्या मनातला प्रश्न, माझं नाव कंपनीला कळेल का? उत्तर मिळालं: नाही, फक्त एकूण किती जणांनी वापरलं तो आकडा जातो. आता मी ‘मदत उपलब्ध आहे’ असं म्हणत नाही. ‘फोन लावला की आधी दोन दाब, मग एक बाई नाव विचारतील, खोटं सांगितलंस तरी चालतं’ असं म्हणते.

परत येणाऱ्याचा पहिला आठवडा

रजा मंजूर करणं सोपं असतं, परत येणं कठीण. रुजू व्हायच्या आधी एक फोन करा आणि दोन गोष्टी ठरवा: कामाची सुरुवात कुठून, आणि टीमला काय सांगायचं. दुसरी त्याच्याच शब्दांत. ‘रजेवर होतो’ एवढंच सांगायचं असेल तर एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही परतणाऱ्यांसाठी उपचार आणि कामातले बदल दोन्ही सोबत असावेत असं सुचवलं आहे. आणि साठलेल्या मेलचा ढीग त्याच्या येण्याआधी कोणीतरी उपसून ठेवा.

जिन्यात बसलेला मुलगा पाच आठवड्यांनी परत आला. पहिला आठवडा अर्धा दिवस, फक्त लेखी तक्रारी. दुसऱ्या आठवड्यात थोडे कॉल. तिसऱ्यात मला शनिवारच्या संध्याकाळच्या शिफ्टला माणूस कमी पडत होता, आणि जुन्या सवयीने मी त्याच्याच टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

‘‘नाही जमणार, मॅडम,’’ तो म्हणाला.

कारण विचारलं नाही. जागेवर आले आणि शनिवारच्या रकान्यात माझं नाव घातलं.