पासपोर्टचा फॉर्म भरायच्या आधी हे करून घ्या

पासपोर्टचा फॉर्म काही अवघड नाहीये, काम अडतं ते कागदपत्रं एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून. त्यामुळे आधी आधार, पॅन, दहावीचं सर्टिफिकेट, जन्मदाखला सगळं शेजारी शेजारी मांडा आणि नाव, जन्मतारीख अक्षरन्अक्षर तपासा. गायकवाडच्या स्पेलिंगमध्ये एकीकडे डब्ल्यू नि दुसरीकडे व्ही असं काही निघालं तर आधी ते दुरुस्त करून घ्या, घाई करू नका. फॉर्ममध्ये मधल्या नावाचा वेगळा रकाना नसतो, गिव्हन नेममध्येच आपलं आणि वडिलांचं नाव, आणि सरनेममध्ये फक्त आडनाव.

फॉर्म पासपोर्ट सेवाच्या सरकारी साइटवरच भरा, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना ते बघा, कारण तसल्याच दिसणाऱ्या खोट्या साइट खूप आहेत आणि त्या जास्तीचे पैसे उकळतात. मोठ्यांना ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये, ६० पानीला २०००, तत्काळ हवा असेल तर वर आणखी २०००. पैसे ऑनलाइन भरले की अपॉइंटमेंट घेता येते.

आता पत्ता. आधारवर गावचा पत्ता आणि नोकरीला पुण्यात, असे खूप जण असतात. सध्याचा पत्ता म्हणून जिथे खरंच राहताय तोच टाका, पोलीस चौकशी तिथेच होते. भाड्याचं घर असेल तर रजिस्टर्ड करारनामा चालतो.

अपॉइंटमेंटला पासपोर्ट सेवा केंद्रात जाताना ओरिजिनल कागद आणि झेरॉक्स दोन्ही न्या, दहावी पास असाल तर ते सर्टिफिकेट नक्की घ्या, त्याच्यावर नॉन-ईसीआर मिळतं, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारची वेगळी परवानगी लागत नाही. आत ए, बी, सी असे तीन काउंटर असतात. ए वर फोटो, बोटांचे ठसे होतात आणि माहिती स्क्रीनवर दिसते, ती नीट वाचा, मागे रांग असली तरी, चूक तिथल्या तिथे सांगितली तर लगेच सुधारतात. बी वर कागद तपासतात आणि सी वर ऑफिसर शेवटचं बघतात.

मग पोलीस व्हेरिफिकेशन. पोलीस स्टेशनमधून फोन येतो, त्यामुळे अनोळखी नंबर उचला आणि बोलावलं की ओरिजिनल घेऊन जा. ते क्लिअर झालं की पासपोर्ट स्पीड पोस्टने घरी येतो.