एकच मागणं, रोज: चिकाटीच्या प्रार्थनेची पद्धत

बायबलमधल्या लूक १८ मध्ये येशूने सांगितलेला एक दाखला आहे: एक विधवा न्यायासाठी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते आणि तो शेवटी कंटाळून न्याय देतो. या दाखल्याचा अर्थ बरेचदा उलटा लावला जातो: देवाला सतवलं की तो कंटाळून देतो. पण तिथला न्यायाधीश अन्यायी आहे आणि देव तसा नाही, हाच तर मुद्दा. मत्तय ७:७ मधल्या ‘मागा’ या मूळ ग्रीक क्रियापदाचं रूप चालू क्रियेचं आहे, म्हणजे ‘मागत राहा’. सुरुवात इथून करा.

आधी मागणी एका वाक्यात लिहून काढा. ‘घरात शांती दे’ असं मोघम मागितलं तर उत्तर आलेलं ओळखायचं कशावरून? ‘दोघा भावांनी जमिनीच्या वादावर समोरासमोर बसून बोलावं’ असं लिहा. एका वेळी तीनपेक्षा जास्त मागण्या नकोत. यादी वीसवर गेली की ती हजेरीसारखी वाचली जाते.

वेळ ठरलेली हवी. बायबलमधला संदेष्टा दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. तुम्ही सकाळच्या दहा मिनिटांपासून सुरू करा, चहाच्या आधी, कारण नंतर फोन वाजतो. पहिली दोन मिनिटं बायबलमधलं एखादं स्तोत्र वाचा. स्तोत्र १३ यासाठी उत्तम: सहाच वचनं, आणि पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर?’ हा प्रश्न चारदा. तक्रार करायला शास्त्रातच जागा आहे हे कळलं की जीभ मोकळी होते. मग एक मिनिट उपकारस्तुती, चार मिनिटं मागणी, तीही मोठ्याने, कारण मनातल्या मनात केली की लक्ष भरकटतं. उरलेली तीन मिनिटं गप्प बसा. नव्या माणसाला हीच सर्वांत जड जातात.

शंभर पानी वही ठेवा. डाव्या पानावर मागणी आणि तारीख, उजव्या पानावर जे घडेल ते, अर्धवट घडलं तरी. ब्रिस्टलमध्ये अनाथालयं चालवणारे जॉर्ज म्युलर अशाच नोंदी ठेवत. रविवारी उपासनेहून किंवा मिस्साहून आल्यावर आठवड्याची पानं वाचा.

अडचण साधारण तिसऱ्या आठवड्यात येते. शब्द कोरडे होतात, दिवस चुकतात. चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं बसून करू नका. त्याने ओझं वाढतं आणि पाचव्या दिवशी सगळंच सुटतं. तेच शब्द पुन्हा येतात म्हणून बिचकू नका. मत्तय ६:७ मध्ये निषेध पोकळ बडबडीचा आहे; अटकेआधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना येशूने स्वतः तिसऱ्यांदा तेच शब्द उच्चारले. स्वतःचे शब्द आटले तर नोव्हेनाचा, म्हणजे नऊ दिवस किंवा नऊ आठवडे म्हणायच्या ठरलेल्या प्रार्थनेचा, आधार घ्या. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारची नोव्हेना १९४८ पासून चालू आहे, आणि तिला ख्रिस्ती नसलेलेही येतात.

आपल्याकडे मोठा धोका नवसाचा. ‘हे दिलंस तर इतक्या मेणबत्त्या’ हा सौदा झाला. उपासाचंही तसंच: आठवड्यात एक जेवण सोडणं पुरे, मधुमेहींनी आणि गरोदर बायांनी तेही नको. आणि प्रार्थना चालू आहे म्हणून डॉक्टरकडे किंवा पोलिसांकडे जाणं टाळू नका. ती विधवा घरात बसून नव्हती, न्यायाधीशाच्या दारात जात होती.

चाळीस दिवसांनी मागणी पुन्हा वाचा. बहुधा शब्द बदलावेसे वाटतील. बदला, पण जुनं वाक्य खोडू नका. येशूचा प्रेषित पौल याने ‘शरीरातला काटा’, म्हणजे सतत छळणारा एक त्रास, जावा म्हणून तीनदा विनवलं. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे असं उत्तर मिळालं, आणि त्याने ती मागणी तिथे थांबवली. अशा वेळी एखाद्या विश्वासू सोबत्याला किंवा पाळकांना वही दाखवा. उत्तर ‘नाही’ आहे की ‘अजून नाही’, हे एकट्याला सहसा उमगत नाही.

मागणी पूर्ण झाली तर तारीख टाका आणि पुढचे तीन दिवस त्याच दहा मिनिटांत फक्त आभार माना. नवी मागणी चौथ्या दिवशी लिहा.