फ्लॅटच्या किमतीत विकास शुल्क किती आहे ते स्वतः कसं काढायचं

पुण्यात नवीन फ्लॅटचं कोटेशन हातात आलं की खाली एक ओळ असते बघा, 'डेव्हलपमेंट चार्जेस' म्हणजे विकास शुल्क, एकरकमी लाख-दीड लाख, आणि विचारलं की सेल्सवाल्याचं उत्तर ठरलेलं, "ते कॉर्पोरेशनला भरावं लागतं सर." भरावं लागतं हे खरंय, एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्यात १९९२ पासून तशी तरतूदच आहे, पण किती भरावं लागतं हे घरबसल्या काढता येतं.

आधी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भागवार दरांचा तक्ता, उघडा, आपला भाग शोधा आणि फ्लॅटचा नाही तर खुल्या जमिनीचा रेट घ्या, इथेच बरेच जण चुकतात. समजा तो २०,००० रुपये चौरस मीटर आहे. रहिवासी बांधकामाला विकास शुल्क त्याच्या २ टक्के म्हणजे ४०० रुपये, आणि मेट्रोसारख्या प्रकल्पासाठी सरकारने ते दुप्पट केलं असेल तर ८००. तुमच्या वाट्याचं बांधकाम ८० चौरस मीटर धरलं तर झाले ६४,००० रुपये. जमिनीच्या विकासाचे अर्धा टक्का वेगळे, पण ते सगळ्या फ्लॅटमध्ये वाटले जातात त्यामुळे फार होत नाहीत.

खरा बोजा असतो प्रीमियम एफएसआयचा, म्हणजे प्लॉटवर मूळ मर्यादेपेक्षा जादा बांधकाम करायला बिल्डर जे पैसे भरतो त्यांचा, आणि तो कोटेशनमध्ये दिसतच नाही कारण तो चौरस फुटाच्या भावातच घातलेला असतो. युडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे हा प्रीमियम जमिनीच्या रेटच्या ३५ टक्के, म्हणजे वरच्याच उदाहरणात चौरस मीटरला ७,०००, चौरस फुटाला साधारण ६५०. सगळं बांधकाम प्रीमियमवर नसतं, जेवढा जादा एफएसआय घेतलाय तेवढ्यालाच हा लागतो. आणि रेडी रेकनर वाढला की हे सगळं आपोआप वाढतं.

मग प्रीमियम कमी केला की घर स्वस्त होतं का? सरकारलाही तशी खात्री नसावी, कारण जानेवारी २०२१ मध्ये प्रीमियमवर ५० टक्के सूट दिली तेव्हा अटच घातली की सूट घेणाऱ्या बिल्डरने ग्राहकाची स्टॅम्प ड्युटी भरायची. माझ्या मते ती अट अगदी योग्य होती, नाहीतर ग्राहकाच्या हातात काहीच पडलं नसतं.

आता बुकिंग करताना काय करायचं, तर डेव्हलपमेंट चार्जेसचा ब्रेकअप ईमेलवरच मागा, तोंडी नको, आणि कॉर्पोरेशनचं किती आणि लाइट मीटर, सोसायटी, लिगलचं किती हे वेगवेगळं लिहून घ्या, कारण बऱ्याचदा सगळं त्या एकाच नावाखाली टाकलेलं असतं. अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखाली राज्यातल्या गृहप्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या, साइटवर प्रोजेक्टच्या पानावर मिळतो, त्यात किंमतवाढीचा क्लॉज शोधा. रेराच्या नमुना करारात स्पष्ट आहे की विकास शुल्क वाढलं म्हणून बिल्डरने जादा पैसे मागितले तर डिमांड लेटरसोबत त्या वाढीचा सरकारी आदेश किंवा नोटिफिकेशन जोडायलाच हवं. ते वाक्य ड्राफ्टमधून गायब असेल तर सही करायच्या आधी घालून घ्या, आणि पझेशनच्या वेळी नुसतं पत्र आलं तर पैसे भरायच्या आधी आदेशाची कॉपी लेखी मागा.