धीर धरण्याचा रोजचा सराव

बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या ५व्या अध्यायाचे ७वे वचन पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याकडे बोट दाखवते, आणि खान्देशात कोरडवाहू कापसावर ज्यांचे घर चालते, त्यांना हा दाखला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तो शेतकरी हातावर हात ठेवून बसत नाही. निंदणी, कोळपणी स्वतः करतो आणि पाऊस तेवढा देवावर सोपवतो. सरावाची सुरुवात याच वाटणीपासून करावी. सकाळच्या प्रार्थनेत आज आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे नेमकेपणाने देवापुढे मांडावे. दिवसा, कापसाच्या मोजमापाला उशीर होताना किंवा मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर राग चढू लागला, तर उत्तर देण्यापूर्वी "प्रीती सहनशील आहे" एवढे बायबलमधील वचन मनात म्हणावे. मन फारच जड असेल, तर बायबलमधील १३वे स्तोत्र मोठ्याने वाचावे, त्यात "कोठवर?" असे थेट देवालाच विचारले आहे, आणि अशी तक्रारही प्रार्थनाच आहे, असे मला मनापासून वाटते. घरात मारहाण होत असेल, तर ती मुकाट्याने सोसणे म्हणजे सहनशीलता नव्हे. तेथे मदत मागावी. ज्याच्यावर उगाच ओरडलो, त्याची क्षमा मात्र झोपण्यापूर्वीच मागावी.